एक मोठा इसम

"मोठा म्हणजे किती मोठा, असा त्यांचा प्रश्न आहे," वैष्णवी वकीलबाई म्हणाली आणि मोबाइलवरचं पान बोटानं वर सरकवलं.

"किती म्हंजी?" लंकाबाईनं विचारलं. "दोघा भावांतला मोठा. त्यात किती काय आसतंय?"

नाशिकच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर वकीलबाईची खोली होती. खाली मशीन सुरू झालं की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. हायकोर्टाचा निकाल छत्तीस पानांचा आणि सगळा इंग्रजीत. वकीलबाई एक परिच्छेद मनात वाचायची, तोंड वाकडं करायची आणि मग त्याचं मराठी करून सांगायची. तोंड किती वाकडं होतंय त्यावरून पुढं काय वाढून ठेवलंय ते लंकाबाईला आधीच कळत होतं.

"तुमचा पोलिसांनी घेतलेला पहिला जबाब आहे ना, त्यात लिहिलंय, 'एका मोठ्या इसमाने माझ्या पतीच्या डोक्यात फावडे घातले.' तुम्ही नेमकं काय बोलला होता?"

"मोठ्यांनी मारलं, आसं बोलले."

"तेच हवालदारानं साहेबी मराठीत लिहून घेतलं. मोठ्यांनी, म्हणजे एका मोठ्या इसमाने. आता हायकोर्ट म्हणतं, या बाईनं कोणी धिप्पाड माणूस पाहिला. आरोपी तर पाच फुटाला दोन बोटं कमी, अंगानं काडी. मग हा तो कसा?"

लंकाबाईला आधी हसू फुटलं. ते ओठांपर्यंत येऊन तिथंच आंबलं.

"आवो ताई, ते जन्मानं मोठे! आमच्या ह्यांच्या आधी चार वर्सं जन्मले म्हणून मोठे. उंचीचा काय संबंध? तुमच्या मोठ्या जावेला काय मोजपट्टी लावून मोठी म्हणता का?"

"मला कळतंय हो. कागदाला कळत नाही."

"मंग कागदाला सांगा की कोणीतरी!"

"दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. नाव का नाही घेतलं तेव्हा? एक शब्द. एवढा एक शब्द बोलला असता तर हे छत्तीस कागद झाले नसते."

शहरात शिकलेल्या पोरीला हे कुठून नि कसं सांगायचं?

लंकाबाईच्या नवऱ्याचं नाव यादव आणि भायाचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, बुधाजी. ही दोन्ही नावं इथं लिहिताना कागदाला काही झालं नाही. पण येवल्याच्या बाजूच्या त्या चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीवर सुनेच्या तोंडून यातलं एक जरी निसटलं असतं, तर सासू चिमणाबाईनं चुलीतलं जळतं लाकूड उपसलं असतं. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी घेता येतं. भायाच्या नावाला तीही पळवाट नाही. आणि नुसतं नावच नव्हे, नावाशी सोयरीक सांगणारा शब्दसुद्धा सोवळ्यात. त्याच वस्तीवर एका सुनेच्या सासऱ्याचं नाव नागू होतं. एके दिवशी मोरीत नाग निघाला. आता ती बिचारी ओरडणार काय? "आत्याबाई, धावा! मामंजी मोरीतून निघाले!" असं ओरडली. वस्ती काठ्या घेऊन धावली. ओट्यावर तंबाखू मळत बसलेला नागू म्हातारा, लोक आपल्यालाच ठेचायला आले समजून जो पळाला, तो म्हणे तिसऱ्या दिवशी मनमाडच्या फलाटावर सापडला. मनमाडाचं सोडा, तेवढी फोडणी पुढच्यांनी घातली असेल. पण नागाला मामंजी म्हटल्याची गोष्ट सोळा आणे खरी.

तर लंकाबाईचा भाया बुधाजी. म्हणजे तिच्या आठवड्यातला एक वारच गेला. मंगळवारी बाजार भरायचा, म्हणून दुसऱ्या दिवसाला ती 'बाजारामागला' म्हणायची. सोमवार, मंगळवार, बाजारामागला, गुरुवार. एकवीस वर्षं हे असं चाललं आणि एकवीस वर्षांत कोणाचं काही अडलं नाही. भायाला ती 'मोठे' म्हणायची. मोठ्यांचा चहा, मोठ्यांची भाकर, मोठे आले बघा. मोठे येताना ओट्याखालून खाकरायचे. ती पदर ओढून बाजूला व्हायची.

मारलं त्या दिवशी मोठे खाकरले नव्हते.

भांडण बोअरच्या पाण्याचं होतं. यादवची पाळी होती, कांद्याला शेवटचं पाणी चाललं होतं, आणि बुधाजीनं मधेच पाटाचा दांड फोडून पाणी आपल्या वाफ्यात घेतलं. भर दुपारची वेळ. लंकाबाई वीस पावलांवर गवत खुरपत होती. दोघं भाऊ दांडावर उभे राहून तावातावानं बोलत होते, यादव दांड बुजवायला खाली वाकला, आणि बुधाजीनं फावडं वर नेऊन खाली आणलं. एकदाच. मग ते फावडं वाहत्या पाण्यात धुतलं, खांद्यावर टाकलं आणि कामावरून घरी निघावं तसा तो निघाला. लंकाबाई ओरडली, पण काय ओरडणार? ज्याच्यासाठी ओरडायचं त्याचं नाव घ्यायचं नाही, ज्याच्यावर ओरडायचं त्याचंही नाही. नुसतीच "आवो! आवो!" करत ती पळाली.

संध्याकाळी हवालदारानं जबाब घेतला. तो नव्यानं बदलून आलेला, वस्तीची बोली त्याला नवी. "कोणी मारलं?" "मोठ्यांनी." "नाव?" लंकाबाईनं मान खाली घातली. हवालदारानं 'नाव सांगता येत नाही' असं लिहिलं. बरं, तेही खोटं नव्हतं! तिसऱ्या दिवशी लंकाबाईचा भाऊ सुनील आला, त्यानं कपाळाला हात लावला आणि ठाण्यात जाऊन उलगडा केला, की साहेब, मोठे म्हणजे बुधाजी. मग पुरवणी जबाब झाला. त्यावर हायकोर्टानं आता लिहिलं होतं, की आरोपीचं नाव तीन दिवसांनी, आणि तेही भावानं सुचवल्यावर आलं.

जिल्हा कोर्टात तर गंमतच झाली. गंमत म्हणजे बाकीच्यांची. आरोपीचा वकील काळा कोट सावरत उठला.

"बाई, घटना कोणत्या वारी घडली?"

"बाजारामागल्या."

"बाजार मंगळवारी. त्याच्या मागला म्हणजे सोमवार."

"नाय साहेब, बाजारामागला!"

"तेच म्हणतोय. मागला महिना म्हणजे गेलेला महिना ना? मग मागला वार म्हणजे आदला वार." आणि टायपिस्टकडे वळून, "घ्या, सोमवार."

"नाय वो! बाजाराच्या मागनं येतो तो!"

लोक हसले. कागदावर सोमवार राहिला.

"बरं, भाया समोर असले की तुमचा पदर कुठपर्यंत असायचा?"

"नाकापर्यंत."

"एकवीस वर्षं?"

"व्हय."

"म्हणजे एकवीस वर्षांत त्यांचं तोंड तुम्ही धड पाहिलेलं नाही."

"पदर डोळ्यांवर व्हता साहेब. डोळ्यांत नव्हता."

पुन्हा लोक हसले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तो माणूस आज इथं आहे का, असेल तर दाखवा. लंकाबाईनं तिथंही पदर ओढलेलाच होता. वडीलधाऱ्या माणसाकडे बोट करायचं नाही, म्हणून तिनं सबंध पंजा उताणा करून, देवाला नैवेद्य दाखवतात तसा आरोपीकडे दाखवला. त्या पंजाच्या टप्प्यात बुधाजी होता, दोन शिपाई होते आणि भिंतीवरचं कॅलेंडरही होतं. तरी न्यायाधीशांना समजलं. त्यांच्याही घरी कोणी लंकाबाई असावी. बुधाजीला जन्मठेप झाली.

आणि आता, दहा वर्षांनी, त्याला सोडून देताना हायकोर्टानं लिहिलं होतं: साक्षीदाराने हाताने मोघम दिशा दाखवली. मोठा इसम, सोमवार, पदर, भाऊ, मोघम दिशा. पहिल्या जबाबात अनोळखी माणूस, मग पोलिसांनी ओळखपरेड का घेतली नाही? एकेक धागा ओढत ओढत त्यांनी अख्खं लुगडं उसवलं होतं.

"मंग मी खोटी पडले म्हना की," लंकाबाई म्हणाली.

"नाही, नाही. खोटं कुठंच म्हटलेलं नाही. शंका आहे म्हणालेत. शंका आली की फायदा आरोपीला. कायदाच आहे तसा, आणि तो चांगला आहे लंकाबाई. उद्या कोणी निरपराध अडकला तर त्यालाही हाच वाचवणार."

"आमच्या कारखान्यात उलटं हाय," लंकाबाई म्हणाली. "शंका आली की माल लाल डब्यात."

यादव गेल्यावर ती पोरीला घेऊन सातपूरला आली आणि बुशा, म्हणजे यंत्रात बसवायच्या पोकळ लोखंडी नळ्या, बनवणाऱ्या एका वर्कशॉपात तपासणीला लागली. काम एकच. बुश उचलायची, उजेडासमोर धरून फिरवायची, चांगली ती निळ्या डब्यात, वाईट ती लाल डब्यात. दिवसाला दोन हजार. केसाएवढी चीर तिला दिसायची. माप घेणारा गेज 'ओके' म्हणायचा आणि लंकाबाई 'नाय' म्हणायची. सुपरवायझर संतोष ती बुश व्हाइसमध्ये धरून आवळायचा, आणि ती बिस्किटासारखी तुटायची. "मावशी, तुमच्या डोळ्यांना कंपनीत नाही, इस्रोत पाठवायला पाहिजे," असं तो म्हणायचा. त्या डोळ्यांवर कारखान्यातल्या गाड्या रवाना होत होत्या. एका फावड्यापुरते तेवढे ते चालले नाहीत.

"बरं, मग मी आता घेते नाव," लंकाबाई एकदम म्हणाली. "लिव्हा."

"आता लिहून..."

"लिव्हा तुमी. बुधाजी."

तिनं डोळे मिटून घेतले होते. छत पडेल, जीभ झडेल, सासू वरून लाकूड फेकून मारेल, काहीतरी होईल असं तिला वाटलं. खाली झेरॉक्सचं मशीन सुरू झालं आणि कपातला चहा थरथरला. एवढंच.

"उशीर झाला हो," वकीलबाई हळूच म्हणाली. "वर सुप्रीम कोर्टात जायचं तर सरकारनं जायला पाहिजे. मी अर्ज करते. पण आशा धरून बसू नका."

"मला कोणाला लटकवायचं नाय, ताई. मी पाहिलं का नाय पाहिलं, तेवढं एक कोणीतरी सांगा."

ते सांगायचं कलम वकीलबाईच्या पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना संतोष लाल डबा घेऊन तिच्यासमोर आला.

"मावशी, हे काय? निम्मा माल रिजेक्ट?"

"चिरा दिसल्या."

"कुठं दिसल्या? मी गेज लावला, व्हाइसमध्ये आवळून पाहिल्या, एक तुटेल तर शपथ! सगळ्या ओके. बरं नाही का तुम्हाला?"

लंकाबाईनं एक बुश उचलली, उजेडासमोर धरली. चीर होती. मग फिरवली, तर नव्हती. मग परत होती. गेल्या नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"संतोष, मला बुधवारी सुट्टी पाहिजे," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं पहिल्यांदा त्या वाराचं नाव घेतलं. संतोषला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "घ्या ना," म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

घरी पोरीनं, आरोहीनं, बराच आरडाओरडा केला. "कशाला जातेस गं तिथं? कोण आहे आता तुझं?"

"तोंडावर नाव घ्यायचंय. आन तोंड बी बघायचंय."

"बघून काय करणार?"

"तेच बघायचंय."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मात्र तिचं तिलाच काही सुचेना. डोळे मिटले की तो दांड, ते पाणी, वाकलेला यादव, सगळं जागच्या जागी दिसायचं. पण फावडं उचललेला माणूस दर वेळी थोडा उंच व्हायचा. निफाड येईपर्यंत तो सहा फुटी झाला होता. विंचूर गेल्यावर त्याला मिशा फुटल्या. तो कागदावरचा मोठा इसम, हवालदारानं जन्माला घातलेला, हळूहळू तिच्या डोळ्यांतही शिरायला लागला होता. मी पाहिलं होतं ना? का मलाही सुनीलनंच सांगितलं? तिनं पाण्याच्या बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं. शेजारची बाई म्हणाली, "बस लागती का?" लंकाबाई म्हणाली, "व्हय."

वस्तीवर पोचली तेव्हा ऊन टळटळीत होतं. बुधाजी ओट्यावर खांबाला टेकून, पाय पसरून बसला होता. शेजारी म्हातारा भिमाजी आणि त्याचा पुतण्या चंदर मोबाइलवर कांद्याचे भाव बघत होते. लंकाबाईनं पायरीखाली चपला काढल्या, वर चढली आणि बुधाजीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर होता, तो तिनं तिथंच राहू दिला.

"बुधाजी," ती म्हणाली.

भिमाजीच्या हातातला मोबाइल पडता पडता राहिला. "लंके! अगं, जिभेला काय हाड हाय का नाय?"

"नाय. जिभेला नसतंयच."

आतून जाऊ भागीबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि चौकटीतच थिजली. बुधाजीनं मान वळवली. त्याचं तोंड लंकाबाईनं पहिल्यांदाच असं समोरून, पुरतं पाहिलं. लहानसं, सुरकुतलेलं, कोणाही म्हाताऱ्याचं असावं तसं. नजर तिच्या आरपार जाऊन पलीकडच्या लिंबावर थांबली होती.

"कोण हाय गं ती?" त्यानं भागीबाईला विचारलं. "आवाज वळखू नाय आला."

"धाकली. लंका."

"आसं व्हय? बस बाई. मला काय दिसत नाय आता. आतमदीच गेले डोळे."

"मोतीबिंदू," भागीबाई घाईघाईनं म्हणाली. "दोन्हीबी. आल्यापासून हाताला धरून न्यावं लागतंय. जेवताना ताटात हातानं घास शोधत बसतेत."

"जाऊ दे लंके," भिमाजीनं समजावणीचा सूर लावला. "कोर्ट काय, कचेरी काय. वरच्यानं बघितलं आन वरच्यानंच दिली शिक्षा. आंधळ्या माणसासंगं काय भांडायचं?"

दहा वर्षं लंकाबाईनं मनात बोलणी रचली होती. एकेक शब्द घासून पुसून ठेवला होता. आता समोर एक आंधळा म्हातारा, त्याला तोंड दाखवून तरी काय उपयोग, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तरी काय कळणार! हा तो होता का? मोठा इसम खांद्यावर फावडं टाकून डोळ्यांपुढं उभाच होता. ती खाली बसली. भागीबाई "चहा टाकते," म्हणून आत पळाली. भिमाजी आणि चंदरनं जरा वेळ वाट पाहिली, बाई रडत नाही नि ओरडत नाही म्हटल्यावर पुन्हा कांद्याच्या भावात डोकं घातलं.

बसवेना म्हणून लंकाबाई उठली. पायात चपला नव्हत्या आणि हातात वाजायला काकणं नव्हती. शेणानं सारवलेल्या ओट्यावरून तिचं पाऊल तिलाच ऐकू येत नव्हतं. पायरीकडे जायची वाट बुधाजीच्या पायांवरून होती. ते ओट्याच्या कडेपर्यंत पसरलेले. थोरल्याचे पाय ओलांडायचे कसे, म्हणून ती एक पाऊल अलीकडे थांबली. बोलली काहीच नाही.

बुधाजीनं पाय जवळ घेतले.

फार नाही. एका बाईला जाता येईल एवढेच. तोंड तसंच लिंबाकडे होतं. एकवीस वर्षं ती पाण्याची घागर घेऊन त्याच ओट्यावरून जायची, तेव्हा तो असाच, मान न वळवता, पाय आखडायचा.

लंकाबाईनं भिमाजीकडे पाहिलं. भिमाजीचं डोकं मोबाइलमध्ये. चंदरचंही. आत भागीबाई कपबशा वाजवत होती. भर दुपार होती, लख्ख उजेड होता, आणि या वेळीही पाहणारी ती एकटीच होती.

ती पायऱ्या उतरली. खाली उभी राहून तिनं वर बुधाजीकडे पाहिलं. पाच फुटाला दोन बोटं कमी. मोठे. एवढेच होते, आणि हेच होते. त्याच्या पापण्या एकदा लवल्या. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

भागीबाई चहा घेऊन बाहेर आली. "उभी का? निघालीस व्हय? आन आसं काय बघतीस त्यांच्याकडं?"

"काय नाय," लंकाबाई म्हणाली. "एक शंका व्हती. फिटली."

चहा तिनं तिथंच उभ्या उभ्या पिऊन संपवला, कप रांजणाजवळ विसळून उपडा घातला आणि साडेतीनच्या बससाठी फाट्याकडे चालू लागली.